गाडी बंद करायची नाही

मी गाडी घेतली ही बातमी आमच्या गल्लीत मला कुणाला सांगावी लागली नाही. पहिल्याच सकाळी मी इंजिन चालू केलं आणि समोरच्या इमारतीच्या तिन्ही मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. गाडी डिझेलची होती. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कुणी डबा हलवावा तसा आवाज करायची, आणि मागून असा काळाकुट्ट धूर सोडायची की समोरच्या बाईंनी बाल्कनीत वाळत घातलेली चादर घाईघाईने आत ओढली. मी आत बसून एकटाच हसत होतो. गाडी माझी होती! आमच्या अख्ख्या कुळात स्वतःची मोटार असलेला मी पहिला माणूस, आणि ती बाहेरून कशी ऐकू येते याच्याशी मला काडीचंही देणंघेणं नव्हतं. त्या बाईंना मी खिडकीतून हातसुद्धा केला.

साठीचं दशक नुकतंच लागलं होतं. पुण्याला रसायनशास्त्र शिकून मी डॉक्टरेटसाठी जर्मनीत आलो आणि ती पदरात पडल्यावर लुडविग्सहाफेनला, ऱ्हाइनकाठच्या एका भल्यामोठ्या कारखान्यात, रंगांच्या प्रयोगशाळेत लागलो. राहायला एका निवृत्त मास्तरांच्या घरात वरच्या दोन खोल्या होत्या. मास्तरांनी जन्मभर शाळेत लॅटिन शिकवलं होतं. जर्मनीत माणसाला हुद्द्याने हाक मारायची रीत, त्यामुळे सगळे त्यांना 'हेर ओबरष्टुडीनराट' म्हणत. मीही तोंडावर तसंच म्हणायचो, पण ते पूर्ण म्हणेपर्यंत अर्धा जिना संपायचा. मनातल्या मनात मी त्यांना मास्तरच म्हणायचो.

गाडी या मास्तरांची. डोळे अधू झाले म्हणून डॉक्टरांनी त्यांना चालवायला मनाई केली, आणि त्यांनी ती मला द्यायचं ठरवलं. माझं ड्रायव्हिंग चांगलं होतं म्हणून नव्हे. त्यांचं बोलणं मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकणारा भाडेकरू मी एकटाच होतो, आणि तोही भाषा पुरती कळत नसल्यामुळे. किमतीचा प्रश्न पाच मिनिटांत मिटला. अटी मात्र संपेनात. चढावर तिला घाई करायची नाही. थंड असताना तिच्यावर ओरडायचं नाही, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नाही. दर रविवारी चर्चहून आल्यावर मास्तर तिला बघायला येणार, तेव्हा बॉनेट उघडून ठेवायचं. लेक दिली ती वरच्या मजल्यावरच दिली, त्यामुळे माहेरचा माणूस रोज जिन्यात भेटायचा.

त्या काळात डिझेलवर धावणारी मोटार म्हणजे बहुतेक टॅक्सी. साधी माणसं पेट्रोलच्या गाड्या घ्यायची. डिझेल भरायला मला पंपाच्या मागच्या बाजूला, ट्रकांच्या रांगेत उभं राहावं लागे. पुढे चोवीस चाकं, मागे चोवीस चाकं आणि मध्ये मी. ट्रकवाले खाली वाकून माझ्या गाडीकडे बघत, तिच्या टपावर थोपटत आणि मला नंबर पुढे घ्यायला लावत. एकदा मानहाइम स्टेशनसमोर थांबलो असताना एक आजीबाई मागचं दार उघडून आत बसल्या, हातातली टोपली मांडीवर ठेवली आणि पत्ता सांगितला. मी त्यांना सोडून आलो. काय सांगणार? त्यांनी सांगितलेला रस्ता बरोबर होता आणि मला तेवढाच चालवायला बहाणा मिळाला. उतरताना त्यांनी मला सांगितलं की तुमची टॅक्सी फार स्वच्छ आहे, आणि तो पूर्ण दिवस मी हवेत होतो.

डिझेलची गाडी किल्ली फिरवली की चालू होत नसे. आधी एक खुंटी ओढून धरायची. इंजिनाच्या आत काही तारा तापायच्या आणि त्या तापल्या की नाही ते कळावं म्हणून समोर, एका इवल्या जाळीमागे, तारेचं एक वेटोळं हळूहळू लाल व्हायचं. याला जर्मनमध्ये 'फोरग्लुएन' म्हणतात. ते पुरेसं लाल झालं की मगच पुढे जायचं. मास्तर तेवढ्या वेळात लॅटिन क्रियापदं चालवून दाखवायचे. मला लॅटिन येत नव्हतं, म्हणून मी पाढे म्हणायचो. उन्हाळ्यात तेराचा पुरायचा. थंडीत एकोणतीसचा लागायचा, आणि तो सातीपासून पुढे मला लहानपणापासून येत नव्हता. आणखी एक गंमत म्हणजे बंद करायलाही किल्ली उपयोगाची नव्हती. त्यासाठी दुसरी एक खुंटी होती. ती ओढेपर्यंत इंजिन खुशाल चालत राहायचं.

आता खरी गोष्ट सांगतो. माझं लग्न झालेलं होतं. डॉक्टरेट झाल्यावर सुट्टीत घरी गेलो तेव्हा झालं, आणि जेमतेम दोन आठवड्यांत मी परत आलो. त्या दोन आठवड्यांतही निम्मे दिवस पूजेत आणि केळवणासारख्या जेवणांत गेले. माझ्या बायकोशी माझं एकांतात बोलणं झालं ते 'पाणी हवंय का' एवढंच म्हटलं तरी चालेल. ती पुण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायची आणि तिला ते मनापासून आवडायचं. पासपोर्ट, परीक्षांचे पेपर, बोटीचं तिकीट यांत दीड वर्ष गेलं. आम्ही पत्रं लिहीत होतो, पण तिची पत्रं पाठवण्याआधी आणि माझी पोचल्यावर घरातले सगळे वाचत, त्यामुळे त्यांत हवापाणी सोडून काही नसायचं. शेवटी ती निघाली, आणि निघताना माझ्या सासऱ्यांनी मला स्पष्ट कळवलं की कॉलेजने तिला जूनपर्यंत बिनपगारी रजा दिली आहे, नोकरी तिची राखून ठेवली आहे, तिकडे राहायचं की परत यायचं ते तीच ठरवील आणि कुणी तिच्यावर जोर करू नये. मला राग आला. मग वाटलं, बरोबरच आहे. मग परत राग आला. पण खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. या मुलीला मी ओळखत नव्हतो आणि तरी ती परत गेली तर माझं काय होईल हे मला चांगलं कळत होतं.

म्हणून मी ठरवलं, तिला गाडीतून आणायचं. माझ्याकडे दाखवायला दुसरं होतं काय? दोन खोल्या, एक चूल आणि रंग लागलेली बोटं. ती जिनोव्हाला बोटीतून उतरणार होती आणि तिथून रेल्वेने मानहाइमला येणार होती, म्हणजे आमच्यापासून फक्त नदीच्या पलीकडे. जानेवारी महिना होता. त्या आठवड्यात थंडी अशी पडली की कारखान्याच्या फाटकावरचे पहारेकरीसुद्धा आत बसू लागले. पारा उणे पंधराच्या खाली गेला.

आदल्या संध्याकाळी मास्तर एक पत्र्याचा डबा घेऊन वर आले. त्यांनी मला बजावलं की अशा थंडीत डिझेल गोठतं, त्यात मेणासारखं काहीतरी धरतं आणि इंजिनाला तेल पोचत नाही. म्हणून टाकीत थोडं 'पेट्रोलियम' ओतायचं. मी हसलो. गोठण्याचं मला माहीत होतं, मी रसायनशास्त्राचा डॉक्टर होतो. पण डिझेलच्या इंजिनात पेट्रोल? माझे कान इंग्रजीवर वाढलेले. पेट्रोल म्हणजे पेट्रोल, आणि पेट्रोलियम म्हणजे फार तर जमिनीतून निघालेलं, न गाळलेलं, असं काहीतरी आणखी भयंकर. माझं जर्मन सगळं रंगांचं होतं. घरात चूल गॅसची, दिवा विजेचा, त्यामुळे हा शब्द कधी विकत घ्यायची पाळी आली नव्हती. मी अदबीने नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी म्हणालो, जा जा, गेनाऊ, म्हणजे हो हो, अगदी बरोबर, आणि डबा ओतला नाही. मास्तरांच्या मते माझ्या डोक्यात लॅटिनपेक्षा जास्त अपवाद भरलेले होते. त्यांनी डबा माझ्या डिकीत नेऊन ठेवला आणि गाडी त्या रात्रीपुरती आपल्या बंद शेडमध्ये घ्यायला लावली. मी तो डबा डिकीतच एका कोपऱ्यात, चिंध्यांमध्ये गुंडाळून ठेवला. एवढं पेट्रोल मागे घेऊन फिरायचं म्हणजे मला धास्तीच वाटत होती.

सकाळी गाडी एका पाढ्यात चालू झाली. मी गाणं म्हणत पूल ओलांडला. स्टेशनसमोर गाडी लावली, नवा टाय सारखा केला आणि आत गेलो, तर पलीकडे डोंगरांत बर्फ असल्यामुळे आगगाडीला दोन तास उशीर. ते दोन तास मी फलाटावर येरझाऱ्या घातल्या आणि बोलायची वाक्यं पाठ केली. माझी मोटार तेवढा वेळ बाहेर उघड्या चौकात थंड होत पडली, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ती उतरली. निळी साडी, त्यावर तिच्या भावाचा ओव्हरकोट, हातात वळकटी, पायांत मोजे आणि चपला. तिने मला वाकून नमस्कार केला आणि तीन जर्मन बायका बघत उभ्या राहिल्या. पाठ केलेली सगळी वाक्यं पळाली. प्रवास ठीक झाला का, असं मी विचारलं. ती म्हणाली, हो. थंडी वाजते का, विचारलं. ती म्हणाली, नाही. ती कुडकुडत होती. मग मी गप्प बसायला हवं होतं, पण मला गप्प बसता येत नाही, म्हणून गाडीपर्यंत पोचेस्तोवर मी तिला डिझेल इंजिन आणि पेट्रोल इंजिन यांतला फरक समजावून सांगितला. ती 'हं' म्हणाली. डिकीत तिची ट्रंक ठेवताना तिने नाकाने काहीतरी वास घेतला आणि जरा बरं वाटल्यासारखा तिचा चेहरा झाला. मी ते माझ्या गाडीचं कौतुक समजलो.

गाडी कशीबशी चालू झाली. पुलावर चढलो. मी डावीकडे नदी, समोर कारखान्याची धुरांडी असं दाखवत होतो. पुलाच्या मध्यावर गाडीने पहिला आचका दिला. मग दुसरा. मी गाडीशी गोड बोललो, मास्तरांची अट मोडून ओरडलोही. उताराच्या जोरावर ती पलीकडच्या काठाला लागली, एका खानावळीच्या दारासमोर आली आणि तिथे थंड पडली. त्यानंतर खुंटी किती ओढली, पाढा किती म्हटला, काही उपयोग झाला नाही. नुसतीच घरघर करून गप्प. मी खाली उतरलो आणि चाकाला लाथ मारली. बूट नवे होते, अंगठा दुखला. बायकोसमोर पहिल्याच तासात मी एका पायावर नाचत होतो.

तीही उतरली. काय झालं ते तिने विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं की डिझेल गोठलं आहे, आणि हट्टी म्हाताऱ्याने त्यावर उपाय म्हणून पेट्रोल दिलं आहे, ते घातलं तर इंजिनाचे तुकडे होतील. कुठे आहे, तिने विचारलं. मी डिकी उघडून चिंध्यांतला डबा दाखवला. तिने बूच काढलं, नाक जवळ नेलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात दीड वर्षातलं पहिलं हसू होतं.

"अहो, हे रॉकेल आहे."

मी म्हणालो की हे पेट्रोलियम आहे, डब्यावर तसं लिहिलंय बघ.

"लिहू देत. रॉकेल आहे. मघापासून वास येतोय. मला वाटलं तुमच्याकडे स्टोव्ह असेल, म्हणून बरं वाटलं."

मी बोट बुडवून वास घेतला. आमच्या घरातल्या स्टोव्हचा, कंदिलाचा, रेशनच्या रांगेचा तोच वास. पेट्रोलियम म्हणजे रॉकेल! एवढा मोठा कारखाना, एवढे डॉक्टर, आणि मी रॉकेलला घाबरून ते चिंध्यांत बांधून फिरत होतो. ती हसू दाबत होती. मग ते तिला दाबता येईना. रस्त्याच्या कडेला ओव्हरकोटाची बाही तोंडावर धरून ती इतकी हसली की खानावळीची मालकीण दार उघडून बाहेर आली. मग मलाही हसू फुटलं. थांबायचं नावच घेईना. मी डबा टाकीत ओतत होतो आणि हात हसण्याने हलत असल्यामुळे निम्मं रॉकेल माझ्या बुटांवर सांडत होतं.

पण नुसतं ओतून भागणार नव्हतं. तेल गाळायच्या फिल्टरमध्ये मेण अडकलं होतं, ते वितळायला हवं होतं. मी बॉनेट उघडून तो फिल्टर तिला दाखवला आणि याला ऊब पाहिजे म्हणालो. ती ट्रंकेकडे गेली. सगळ्यात वर, लाडवांच्या डब्याच्याही वर, तिच्या आईने गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली होती, परदेशात पोट दुखलं तर शेकायला. मालकीणबाईंनी ती उकळत्या पाण्याने भरून दिली. आणि माझ्या बायकोने, जिने अजून माझं घरही पाहिलं नव्हतं, साडीचा पदर खोचला, पिशवी फिल्टरभोवती गुंडाळली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. बाळंतिणीला शेक देतात तसा ती माझ्या गाडीला शेक देत होती. पाणी गार झालं की मी पळत जाऊन दुसरं आणत होतो. खानावळीतले चार म्हातारे बियरचे ग्लास घेऊन खिडकीशी आले आणि आपसांत काहीतरी ठरवू लागले.

मग मी आत बसलो, हातपंपाने तेल पुढे ढकलून झालं होतं, आणि खुंटी ओढली. एकोणतीस एके एकोणतीस, मी सुरू केलं. तिने चमकून बघितलं. मी वेटोळ्याकडे बोट केलं. ती शेजारी येऊन बसली आणि दुणेपासून तिने साथ धरली. दोघं मिळून आम्ही पाढा म्हणत होतो, आमच्या तोंडची वाफ काचेवर जमत होती, आणि सातीला मी नेहमीप्रमाणे अडलो. तिने माझ्यासाठी न थांबता दोनशे तीन म्हटलं, आठी, नवे, दाहे धडाधड म्हटले आणि वेटोळं लालबुंद झालं. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि खडखडायला लागलं. खिडकीतल्या म्हाताऱ्यांनी ग्लास वर केले. मला वाटलं आपण आता उडणार.

घराच्या दारात मास्तर आणि मास्तरीणबाई उभे होते. मास्तरांच्या हातात फुलं आणि बाईंच्या हातात केक. मी खिडकीतून डोकं काढून घडलेलं ओरडून सांगितलं. मास्तरांनी फुलं खाली केली आणि वर्गात ओरडावं तसे ओरडले की बंद करू नकोस, अजिबात बंद करू नकोस, रॉकेल पाइपांतून सगळीकडे जायला हवं, निदान तासभर फिरव, वायटर, वायटर, पुढे चल! बाई गाडीबरोबर चार पावलं धावल्या आणि केक खिडकीतून माझ्या बायकोच्या मांडीवर ठेवला. तिला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. काय झालं, घर हेच ना, आपण थांबलो का नाही, असं ती विचारत होती आणि घर मागे पडत होतं. मी तिला सांगितलं की आपल्याला थांबायची परवानगी नाही. गाडी बंद करायची नाही. ती म्हणाली, मग? मी म्हणालो, मग फिरायचं.

आणि आम्ही फिरलो. गाव सोडून द्राक्षमळ्यांच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना बर्फात उघडे वेल आणि त्यांचे खांब, वर लख्ख ऊन. लाल सिग्नल दिसला की मी लांबूनच वेग कमी करायचो, न थांबता तो हिरवा होईपर्यंत गोगलगाईच्या चालीने जायचो, आणि झाला की ती टाळी वाजवायची. सुरी नव्हती, म्हणून केक आम्ही हातानेच तोडून खाल्ला. एकदा ती मला भरवू गेली आणि खड्डा आला, घास माझ्या कानात गेला. तिची चप्पल तिने कधीच काढून टाकली होती आणि पाय वर घेऊन ती मांडी घालून बसली होती, कारण माझ्या बुटांवरचं रॉकेल खाली सगळीकडे पसरलं होतं. आता तिला कुणी गप्प करू शकलं नसतं. बोटीवर तिच्या केबिनमधली बाई झोपेत हिशेब करायची, ते तिने नक्कल करून दाखवलं. आमच्या लग्नात माझ्या मावशीने तिला कानात काय सांगितलं होतं तेही सांगितलं, आणि ते मी इथे लिहू शकत नाही. हे सगळं ओरडून, कारण त्या इंजिनाच्या खडखडाटात शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागे. दीड वर्ष साठलेलं आम्ही दोघं एकमेकांना ओरडून सांगत होतो. ती मान मागे टाकून हसायची, दात दिसायचे, आणि मला तिच्याकडे बघायचं की रस्त्याकडे ते कळत नव्हतं.

मग मला एकदम जून महिना आठवला. ही आत्ता हसते आहे, आणि जूनमध्ये बोटीत बसेल, आणि मी ट्रकांच्या रांगेत एकटा डिझेल भरत उभा असेन. सासऱ्यांनी जोर करू नये म्हटलं होतं. मी जोर करणार नव्हतो. पण विचारायलाच नको असं त्यांनी कुठे म्हटलं होतं? मी सगळा धीर गोळा केला आणि समोर बघत ओरडलो, "राहशील का?"

"नको," ती ओरडली, "आता पुरे!"

एवढं स्पष्ट! एवढं पटकन! विचारसुद्धा केला नाही! मी वळण चुकलो आणि गाडी एका मळ्याच्या कच्च्या वाटेला लागली. तिला काही सुधरेना. तिने माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या केकच्या तुकड्याकडे बघितलं आणि म्हणाली की पोट भरलंय माझं, तुम्हीच संपवा. मला कळायला क्षणभर लागला. तिने 'खाशील का' ऐकलं होतं. मी पुन्हा ओरडलो. तिने कानाला हात लावला. मी आणखी ओरडलो, घसा बसला, इंजिनाने त्या वेळी जास्तच खडखडाट केला आणि ती नुसती मान हलवून हसत राहिली. त्या गाडीवर मी जिवापाड प्रेम करत होतो, पण त्या क्षणी तिचा गळा दाबावासा वाटला.

मास्तरांनी सांगितलेला तास अर्धासुद्धा झाला नव्हता. जवळ गाव नव्हतं, माणूस नव्हतं, नुसते वेल आणि बर्फ. मी गाडी बांधाला उभी केली आणि खुंटी ओढली.

इंजिन थांबलं. कानांत इतकी शांतता झाली की तिच्या बांगड्या हलल्या तेही ऐकू आलं. ती दचकली. बंद करायची नव्हती ना, तिने विचारलं. मी म्हणालो, नव्हती. आणि आवाज खाली आणून, कारण आता ओरडायची गरज नव्हती, मी तिला विचारलं की जूननंतर तू राहशील का. तुझं कॉलेज तुला किती आवडतं ते मला माहीत आहे, असंही म्हणालो. आणखीही काहीतरी म्हणालो असेन. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती समोर, जाळीमागच्या वेटोळ्याकडे बघत होती. ते केव्हाच काळं पडलं होतं. मला वाटलं हिला रडू येतंय.

"ही परत चालू होईल?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही."

तिने पाय खाली सोडले, ओव्हरकोट नीट गुडघ्यांवर ओढून घेतला आणि सीटवर आरामात मागे टेकली.

"मग राहते," ती म्हणाली.